शिशावरची पैज

अप्पांचा मुलगा शिंपी निघाला आणि सून प्लंबर, याला नशीब म्हणायचं नाही तर काय. मुलाच्या हातात पाना दिला की तो हमखास पायावर पडायचा, आणि ही बाई लग्न होऊन आली तीच हत्यारांची पिशवी घेऊन. अप्पांची स्वतःची हयात पाईप जोडण्यात गेलेली. घरात ते कुरकुर करायचे, पण बाहेर ‘आमची सूनबाई’ म्हणताना त्यांची मान जरा जास्तच ताठ व्हायची.

भांडण लागलं ते स्वयंपाकघरातल्या पाईपावरून. रस्त्यातली जुनी लाइन पाणीखात्याने बदलली होती. न्हाणीघरात सुनेने नवं तांबं टाकलं होतं. मधे उरला होता भिंतीतून सिंकखाली येणारा शिशाचा पाईप, अप्पांनी ऐन तरुणपणी टाकलेला. तांबं त्यालाच जोडायचं आणि सांधा मी घालणार, असं अप्पांचं म्हणणं. सून म्हणत होती, शिसं मुळापासून काढायचं. ते पाण्यात उतरतं, तांबं जोडलं की जास्तच उतरतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. तिला स्वतःला दिवस गेले होते. उद्या बाळाची पेज याच नळाच्या पाण्यावर शिजणार, ही तिची धास्ती होती.

अप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं हेच पाणी पितोय, डोकं बिघडलं का कुणाचं, असं त्यांनी ठणकावून विचारलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. तो विषय न काढलेलाच बरा, असं त्या मान खाली घालूनच म्हणाल्या.

इथे सुनेने गप्प बसायचं ना! पण जिभेला हाड नसतं. ती बोलून गेली की जुनाट आहे तो, आज ना उद्या फुटणारच. झालं. विषाचं अप्पांनी एक वेळ ऐकून घेतलं असतं, पण आपलं काम गळेल हे ऐकून घेणाऱ्यातला तो माणूस नव्हे. त्यांनी तिथल्या तिथे पैज लावली. जुनं नवं एकत्र जोडायचं, पंपाने दाब द्यायचा, आणि ज्याचा पाईप गळेल त्याचा पाईप घराबाहेर. सूनही काही कमी नव्हती, लावा म्हणाली. आता कुणीही शहाण्याने विचारावं, की बाई गं, विषाचा आणि गळण्याचा संबंध काय? पण दोघंही एकाच धंद्यातली. त्यांच्या लेखी जगातलं कुठलंही भांडण पंपावरच मिटतं.

सकाळी अप्पांनी सांध्याला हात घातला. पाईपाचं तोंड खरवडून चकचकीत केलं, तांब्याच्या टोकाला कथील चढवलं, ते शिशात बसवलं आणि त्यावर शिसं-कथलाचा वितळलेला डाख पळीने ओतू लागले. दुसऱ्या हातात तूप लावल्यासारखी तुळतुळीत, चरबी चोळलेली कापडाची घडी. डाख थिजायच्या आत त्या घडीने पुसत पुसत त्याला आकार द्यायचा. जरा घाई झाली की ओघळतो, जरा उशीर झाला की दगड. म्हाताऱ्याचा हात एकदाही अडखळला नाही. सांधा कैरीसारखा गोल, गुळगुळीत उतरला. सून पैजबिज विसरून बघत राहिली. असं काम तिला जन्मात जमणार नव्हतं, आणि हे काम करणारा माणूस आपला सासरा आहे याचा तिला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

सांधा निवल्यावर तिने पंप लावला. दाबाचा काटा चढला, थांबला, आणि हळूहळू खाली येऊ लागला.

कुठेतरी गळत होतं, आणि ते शिसंच असणार, म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. फडकं घेऊन ती सिंकखाली शिरली. शिसं कोरडं. नवा सांधा कोरडा. भिंतीतला जुना सांधासुद्धा ठणठणीत. मग ती न्हाणीघरात गेली. तिथे तिच्याच तांब्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा टपोरा थेंब लोंबत होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. शब्द दिला होता, आणि शब्द फिरवणाऱ्यातली ती नव्हती. पण पोटातल्या जिवाने कसली पैज लावली होती? तिने बाहेर येऊन खरं काय ते सांगितलं.

अप्पांनी स्वतः जाऊन थेंब पाहिला. परत आले ते जिंकलेल्या माणसाच्या चालीने, आणि करवत मागितली.

“पण पैज तुम्ही जिंकलात, अप्पा.”

“म्हणूनच मागतोय. हरलो असतो ना पोरी, तर जीव गेला तरी हात लावू दिला नसता. म्हातारा झाला, हात गेला, म्हणाले असते सगळे. आता माझं मी काढतो. नातवंडाला शिसं पाजायला मी काय वैरी आहे?” करवत हातात आल्यावर ते पुढे म्हणाले, “तू तो तुझा गळका कोपरा बघ आधी.”

सांध्यावरचा त्यांचा हात काही वेळ तसाच राहिला. मग त्यांनी कापायला सुरुवात केली.

संध्याकाळी पाईपाचे तुकडे पोत्यात घालून अप्पा भंगारवाल्याकडे निघाले. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची दाढी अर्धवट सोडून दारात आला. काय अप्पा, फुटला वाटतं शेवटी तुमचा पाईप, असं तो हसत म्हणाला.

अप्पांनी तोंड उघडायच्या आत सून दारात आली होती.

“फुटतोय कसला,” ती म्हणाली, चार घरांना ऐकू जाईल अशी. “पंपावर एक थेंब सोडला नाही त्याने. गळला तो माझा.”

भंगारवाला डावीकडे, अगदी जवळ होता. अप्पा पोतं खांद्यावर नीट घेऊन उजवीकडे वळले आणि सगळ्या गल्लीला वळसा घालून गेले.