आधीच दमवलेला घोडा

नेडीनने फोनवर दोनदा बजावलं होतं, "मी येईपर्यंत घोड्यावर कुणी बसायचं नाही." घोडा विकणारा ड्वाइट स्ट्रिकलर म्हणाला होता, "अजिबात नाही, बाई."

चार तास गाडी हाकून ओक्लाहोमाच्या त्या टोकाला पोचली, तर घोडा खोगीर घालून कुंपणाला बांधलेला. मान खाली, कान ढिले.

"जरा पाय मोकळे केले त्याचे," ड्वाइट म्हणाला. त्याची नजर मात्र तिच्या गाडीमागच्या रिकाम्या ट्रेलरवर होती.

"बघ, तुला सांगितलं होतं, ट्रेलर आणू नकोस," शेजारी बसलेली तिची नणंद ओपल पुटपुटली. "ट्रेलर दिसला की विकणाऱ्याला कळतं, गिऱ्हाईक हातात आलं."

"वन्सं, आता गप्प बसा."

हा पाचवा घोडा. पहिला लंगडा निघाला, दुसरा चावरा. तिसरा सांगितल्यापेक्षा सहा वर्षांनी म्हातारा, चौथा आदल्या दिवशीच विकलेला. तिच्या घोडीचा पाय गेल्या वसंतात कायमचा गेला आणि तीन पिंपांना वळसे घालत घोडा पळवायच्या शर्यतींचा अख्खा मोसम नेडीनने बाकावर बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यात काढला. ईस्टरनंतरच्या शनिवारी नवा मोसम सुरू होणार होता. ती बावन्न वर्षांची. अजून एक मोसम बाकावर गेला, तर पुन्हा खोगिरावर चढणं व्हायचं नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिने रिकिबीत पाय घातला, वर चढली आणि निघाली. रिंगणात तीन पिंपं मांडलेली. घोडा पहिल्याला वळला, दुसऱ्याला वळला, तिसऱ्याला तर असा चिकटून गेला की तिचा गुडघा पिंपाला लागता लागता राहिला. लोण्यातून सुरी जावी तसा. उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने ते बाहीने पुसलं, आणि मग खोगिराच्या कापडाखाली हात घातला.

आत केस ओलेचिंब. कडेला वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ. एवढ्या तीन वळणांचा घाम तो नव्हता.

"किती वेळ पळवलात सकाळी?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत मीठ वाळत नाही, ड्वाइट. खोगीर काढा. आम्ही इथेच जेवतो, दोन तासांनी पुन्हा बसते."

"दोन तास? मला इतर कामं आहेत, बाई."

"आम्हाला नाहीत," ओपल म्हणाली आणि ट्रेलरच्या पायरीवर डबा उघडून बसली.

ईस्टरआधीच्या उपासांतला शुक्रवार होता, मांस वर्ज्य. नेडीनने मान झुकवून देवाचे आभार मानले आणि चीज घातलेला पाव खाल्ला. ओपलने उपासाचा विचार न करता डुकराच्या मांसाचा तुकडा काढला. "देव तुझ्याकडे बघतोय ना," ती म्हणाली, "मग मला जरा सूट."

दोन तासांनी घोडा गार झाला. ताजाही झाला. मान वर आली, कान ताठ. नेडीन चढली आणि त्याला रिंगणाच्या दारापाशी आणलं. दारात त्याने चारही पाय रोवले. टाच लावली, तर मागे सरला. पुन्हा लावली, तर मागच्या पायांवर उभाच राहिला. दार ओलांडायला तो राजी नव्हता. पिंपं समोर, तिथेच, पन्नास पावलांवर.

"शर्यतीच्या दिवशी याला दारातून आत कोण घालणार, तुम्ही?"

"सकाळी थोडं दमवलं की जातो," ड्वाइट टोपी कुरवाळत म्हणाला. एवढंच काय ते तो दिवसभरात खरं बोलला.

शर्यतीला नाव पुकारलं की दोन मिनिटांत दारात हवं. तिथे सकाळभर दमवलेल्या घोड्याकडून वेग कुठून यायचा? ती उतरली, लगाम त्याच्या हातात दिला आणि घोड्याच्या नाकावरून एकदा हात फिरवला. त्याचा काय दोष.

परतीच्या वाटेवर रिकामा ट्रेलर प्रत्येक खड्ड्याला खडखडत होता. पेट्रोल भरायला थांबल्यावर नेडीनने जाहिरातींचा कागद काढला, सहाव्या नावाखाली बोट ठेवलं आणि फोन लावला.

"मी उद्या येते. पण एक करा, मी येईपर्यंत घोड्यावर कुणी बसायचं नाही."

"अजिबात नाही, बाई," पलीकडून एक गोड आवाज आला. "तुम्ही यायच्या आधी फक्त जरा पाय मोकळे करून ठेवते त्याचे."

नेडीनने फोन छातीशी धरला आणि डोळे मिटले.

"प्रार्थना करतेयस?" ओपलने विचारलं.

"नाही," नेडीन म्हणाली. "दहा मोजतेय. आणि उद्या ट्रेलर घरीच राहील, वन्सं."