राऊटर बंद होता तोवर

"काकू, जीव हाय याच्यात अजून," राऊटर उलटा धरून मिथुन म्हणाला आणि प्रेमबाईंचा चेहरा पडला.

खरं तर त्यांनी खूश व्हायला हवं होतं. त्यांच्या लेकाने, अर्पितने पुण्याहून फोनवर फोन करून जाफराबादच्या केबलवाल्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे हा मुलगा आला होता. पण प्रेमबाई मनोमन त्या डबीच्या मरणाची वाट बघत होत्या. स्वयंपाकघरात पाटावर पोहे खात बसलेल्या बेबीनंदा मॅडमना हसू आलं.

"भाभी, तोंड असं करून राह्यल्या, जसं कोणी गेलं तुमचं."

मागच्या साली प्रेमबाई मोरीत घसरून पडल्या. एकटी विधवा बाई, म्हणून अर्पितने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कॅमेरा लावला. हा कॅमेरा बघायचा, ऐकायचा आणि वर बोलायचाही. 'मम्मी, गॅस बारीक करा.' सून चंचल दिवसभर घरूनच काम करायची, तिचंही लक्ष असायचं. 'मम्मीजी, गोळी राहिली.' काळजीच ती, नाही कोण म्हणतो? पण स्वतःच्या घरात चोरासारखं वावरायला लावणारी काळजी माणसाने किती सोसावी?

एके दिवशी त्या कॅमेऱ्याला प्रेमबाई आणि बेबीनंदा एका ताटात भाकरी खाताना दिसल्या. वरून अर्पितचा आवाज आला, "मम्मी, बाहेरच्या लोकांना ओसरीपर्यंतच ठेवा. आपल्यात कांदा-लसूण चालत नाही." ताटात कांदा नव्हता, लसूण नव्हता. भाकरी प्रेमबाईंच्या हातची आणि लोणचंही त्यांचंच. बेबीनंदा बौद्धवाड्यातल्या, एवढाच त्याचा अर्थ होता आणि तो दोघींनाही कळला. बेबीनंदा हात धुऊन निघून गेल्या, त्या महिनोन्महिने फिरकल्या नाहीत. प्रेमबाई मुलाला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

आणि बेबीनंदा कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. तरुणपणी त्यांनी गल्लीतल्या बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला, तेव्हा कापडदुकानाची ही घुंगटातली सून गुपचूप मागे येऊन बसायची. प्रेमबाईंना स्वतःचं नाव लिहायला त्यांनीच शिकवलं. आज प्रेमबाई धर्माची पोथी वाचतात, ती या बाईच्या पुण्याईवर.

राऊटर बिघडला तोही धर्मापायीच. प्रेमबाई जैन, रोज संध्याकाळी सामायिकला, म्हणजे दोन घडीच्या ध्यानाला बसतात. त्या दोन घडीत आगीला, विजेला स्पर्श नको, म्हणून घराचं मेन स्विचच खाली पाडून मग आसन अंथरतात. तेवढा वेळ कॅमेराही बंद. धर्माचं असल्यामुळे अर्पितला काही बोलता येत नसे. मागच्या आठवड्यात त्याने पुण्यातून, आईला न सांगता, फोनवरूनच राऊटरचं अपडेट सुरू केलं आणि नेमकं तेव्हाच इकडे स्विच खाली आलं. प्रेमबाई सामायिक आटोपून उठल्या, तर राऊटरवर लाल दिवा लुकलुकत होता आणि कॅमेरा मुका. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या बेबीनंदांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, चला. आंधळा झाला तो."

तेव्हापासून रोज बैठक बसत होती. गुडघे, गेलेले नवरे, गल्लीतल्या सुना, सगळ्यांचा समाचार घेऊन व्हायचा. इतकं मोठ्याने आपल्याला हसता येतं, हे प्रेमबाई विसरूनच गेल्या होत्या.

आणि आज हा मिथुन आला. बेबीनंदांचाच विद्यार्थी, त्यांच्याच वस्तीतला. आल्या आल्या "जय भीम, मॅडम" म्हणून वाकला आणि मग कामाला लागला.

"अपडेट चालू असताना करंट गेल्ता, काकू. जुनं पुसलं गेलं अन् नवं बसलंच न्हाई. मधीच लटकून राह्यला तो."

"मंग जळाला म्हणून सांग ना."

"उद्या नवा धाडतेल ते. काय फायदा?"

त्याने टाचणी राऊटरच्या भोकात खुपसून आतलं बटण दाबून धरलं आणि तसंच करंट सुरू केलं. दिवा सावकाश लुकलुकायला लागला. मग लॅपटॉपची वायर जोडून त्याने नवी फाईल आत सोडली. "आता हे पुरं होईस्तोवर करंट जाऊ देऊ नका. परत गेला, तर मंग हा खरंच गेला."

मेन स्विच स्वयंपाकघराच्या दाराशीच होतं. प्रेमबाई उठून तिथे गेल्या. हात वर झाला. मिथुनने पाहिलं आणि नजर लॅपटॉपकडे वळवली.

"मी निघते, भाभी," बेबीनंदा ताट बाजूला सारत म्हणाल्या. "ते चालू व्हायच्या आत गेलेलं बरं."

प्रेमबाईंनी हात खाली घेतला. "बसा मॅडम. किती दिवस लपायचं? आज मी सांगणार. माझं घर आहे, माझी मैत्रीण बसंल इथं. बिलकुल सांगणार."

बेबीनंदांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ताट पुन्हा पुढे ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

राऊटरचा दिवा हिरवा झाला. थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याने घुर्रर्र करत मान फिरवली आणि चंचलचा आवाज आला.

"मम्मीजी, दिसायला लागलं बघा. बरं झालं बाई. आणि ती पाठमोरी कोण बसलीये?"

चंचलने बेबीनंदांना कधी पाहिलेलं नव्हतं. प्रेमबाईंनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं.

"भांड्यावाली आहे," त्या म्हणाल्या. "नवीन लावली."

"मग पाटावर?"

"भूक लागली म्हणे. दिलं थोडं."

मिथुन ताडकन उठला. बेबीनंदांनी मानेनेच त्याला गप्प केलं. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. आपलं ताट उचललं, प्रेमबाईंचं उचललं, पदर खोचला आणि मोरीत जाऊन बसल्या.

त्यांच्या आईने लोकांची भांडी घासून त्यांना शिक्षिका केलं होतं. लेकीचे हात दुसऱ्याच्या खरकट्यात जाऊ नयेत, म्हणून ती माउली मरेपर्यंत घासत राहिली. हे प्रेमबाईंना ठाऊक होतं, याच पाटावर बसून त्यांनी ते ऐकलं होतं. बेबीनंदांनी ताटं घासली, कुकर घासला, करपलेली कढईसुद्धा घासली. एकेक भांडं पालथं घातलं. मग प्रेमबाईंकडे न बघता त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. मिथुन सामान गोळा करून त्यांच्या मागे गेला.

"हात चांगला आहे हो तिचा," कॅमेरा म्हणाला. "रोजचीच लावून टाका. फक्त तिचं ताट वेगळं ठेवा, मम्मीजी."

प्रेमबाईंनी मान हलवली. पण चंचलला ते दिसलं नसेल, असं वाटून त्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "ठेवते."