हरदास साहेबांची शेवटची फरशी

मी स्लाइड रूल. जे सांगणार आहे त्यातलं मला किती नीट आठवतंय, याची माझी मलाच खात्री नाही. आमच्या जातीचाच तो दोष. मधली पट्टी सरकवली की उत्तर मिळतं, पुन्हा सरकवली की आधीचं उत्तर पुसलं जातं. शिवाय आमच्यावर पहिले दोन आकडे स्वच्छ वाचता येतात, तिसरा वाचणाऱ्याने अंदाजाने घ्यायचा. माझ्या आठवणींचंही तसंच धरून चाला.

आता मला ओळखणारे फार उरले नाहीत, म्हणून सांगतो. वीतभराहून थोडी लांब बांबूची पट्टी, वर पांढरा मुलामा, त्यावर केसासारख्या बारीक रेघा. मध्ये सरकणारी दुसरी पट्टी आणि वरून फिरणारी एक काच. कॅल्क्युलेटर आले नव्हते तेव्हा इंजिनिअर लोक माझ्यावर गुणाकार-भागाकार करत. बेरीज मात्र मला येत नाही. कधीच आली नाही.

नागपूरला सीताबर्डीवरच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात पडून होतो. नरहर हरदास नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला त्याच्या थोरल्या भावाने मला घेऊन दिलं. पुढे भोपाळच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा त्याच्या कोटाच्या आतल्या खिशातून मीही आलो. अवजड यंत्रं बनवणारा कारखाना, भोवती त्याची टाउनशिप. रस्ते आखलेले, क्वार्टर्स नव्या कोऱ्या, झाडं माणसाच्या कमरेएवढी. ती झाडं छपरापर्यंत गेली तोवर नरहर हरदास त्या कारखान्याचे मुख्य डिझायनर झाले होते. पाण्यावर चालणारी मोठाली टर्बाइन त्यांच्या टेबलावर जन्माला येत. निदान सगळे तसं म्हणत.

खिशात राहत असल्यामुळे मला त्यांचं घरही माहीत होतं. एका वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या पुरणाला किती गूळ लागेल, याचा हिशेब साहेबांनी माझ्यावर केला. कमलिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पातेल्यातलं पुरण बोटावर घेऊन चाखलं.

"गूळ कमी पडलाय."

"अगं, पट्टीवर काढलंय मी."

"मग पट्टीला खायला घाला. माणसांना जरा जास्त लागतो."

साहेबांनी निमूटपणे आणखी गूळ फोडला. मला थोडं लागलं, पण बाई बरोबर होत्या.

ऑफिसात साहेबांनी एक रीत पाडली होती. तिला सगळे 'फरशी' म्हणत. मोठ्या यंत्राचं ड्रॉइंग पुरं झालं की हॉलमधली टेबलं भिंतीला लावायची, फरशी पुसून घ्यायची आणि ड्रॉइंगचे सगळे कागद जमिनीवर अंथरायचे. दाराशी बूट-चपला काढून सगळ्यांनी त्याभोवती फिरायचं. जिथे चूक किंवा शंका वाटेल तिथे आपली पेन्सिल ठेवून पुढे जायचं. ज्याचं ड्रॉइंग असेल त्याने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, आणि शेवटचा माणूस फिरून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. साहेब म्हणत, "ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये जाईल तेव्हा तू सोबत जाणार आहेस का समजावून सांगायला? मग आत्ताही गप्प बस."

साहेबांच्या स्वतःच्या कामाचीही फरशी व्हायची. सुरुवातीच्या वर्षांत रझाभाई, आमचे जुन्या भोपाळातले ड्राफ्ट्समन, कागदांकडे पाहून म्हणायचे, "अरे ख़ाँ, साब के काम पे तो पेन्सिलों की बारात आई है." साहेब स्टुलावर ओठ मिटून बसत आणि खिशातल्या मला अंगठ्याने घासत राहत.

मग हळूहळू काय झालं ते मला नेमकं सांगता येत नाही. साहेबांची यंत्रं डोंगरातल्या धरणांवर चालत राहिली. त्यांचा सत्कार झाला. हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल तेच लिहीत, तेही असेल. पेन्सिली कमी होत गेल्या. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर पडत, साहेबांच्या ड्रॉइंगवर एखादीच, तीही कडेला, कागदाचा नंबर किंचित तिरका पडलाय असल्या कारणाने. साहेबांनी हे पाहिलं नव्हतं असं नाही. पण आपलं काम सुधारत चाललंय, असं मानायला कुणाला आवडत नाही?

पुढे एक थंडगार खोली झाली आणि तिच्यात संगणक आले. लोक तिथेही चपला काढून जाऊ लागले, अगदी देवळात गेल्यासारखे. साहेब मात्र माझ्यावरच काम करत. सुधाकर, त्यांचा अमरावतीचा सहायक, नव्या मुलांना सांगे, "साहेबांची पट्टी चुकत नाही." ते ऐकून मला धडकीच भरायची. मी चुकतो. तिसरा आकडा अंदाजाचा असतो हे मी आधीच सांगितलं.

साहेबांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. एका नव्या टर्बाइनच्या शाफ्टचं ड्रॉइंग त्यांनी पुरं केलं. शाफ्ट म्हणजे यंत्राचा मधला फिरता खांब, माणसाच्या मिठीत न मावणारा. तो धरणाच्या पोटात फिरायचा, आणि त्याच्या आसपास माणसं कामाला असायची. तो तुटला तर काय होईल हे त्या हॉलमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं.

फरशी झाली. मोज्यांतले पाय कागदांभोवती फिरले. रझाभाई अर्ध्यातच थांबले. "साब ने बनाया है, इसमें क्या देखना." बाकीचे हसले. वंदना नावाची एक तरुण इंजिनिअर एका जागी उभी राहिली. पेन्सिल तिच्या हातात होती. मला वाटतं ती जराशी वाकलीही. मग सरळ झाली आणि पुढे गेली. फरशी संपली तेव्हा कागदांवर एकही पेन्सिल नव्हती. सुधाकर म्हणाला, "साहेब, चहा मागवू का?"

त्या संध्याकाळी साहेब जेवणाच्या टेबलावर मला घेऊन बसले. सवय म्हणून, असं मला वाटतं. शाफ्ट जिथे एकदम रुंद होतो तिथला कोपरा कधीच काटकोनी ठेवत नाहीत, त्याला गोलाई देतात. गोलाई कमी पडली की भेग तिथूनच सुरू होते. साहेबांनी तो हिशेब पुन्हा केला. पट्टी सरकवली, काच फिरवली, थांबले. परत केला. ड्रॉइंगवर होती तिच्या जवळजवळ दुप्पट गोलाई हवी होती.

मी तर गर्भगळीत झालो. ड्रॉइंगवरचा आकडाही माझ्याच अंगावर वाचलेला होता. तेव्हा माझी काच हलली होती का? कोण जाणे. साहेबांनी मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

"काय झालं?" कमलिनीबाई पोळ्यांचा डबा घेऊन आल्या.

"चूक झाली माझी. मोठी."

"मग दुरुस्त करा. अजून बनवलं नाही ना?"

"करेन गं. पण अख्खं ऑफिस त्याभोवती फिरलं, आणि कुणी बोललं नाही." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माझी चूक दिसली तर तू सांगतेस ना?"

"लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय मी?"

एरवी ते हसले असते.

सकाळी त्यांनी सुधाकरला आणि वंदनाला केबिनमध्ये बोलावलं. "काल कुणाला काही दिसलं होतं का?"

"तुमच्या ड्रॉइंगमध्ये काय दिसणार, साहेब?" सुधाकर म्हणाला.

वंदना खाली पाहत होती. "मला एका ठिकाणी शंका आली होती, सर."

"मग पेन्सिल का नाही ठेवलीस?"

"वाटलं, सरांनी काहीतरी विचार करूनच केलं असेल."

कुठे शंका आली हे साहेबांनी विचारलंच नाही. ते उठले आणि जनरल मॅनेजरांच्या ऑफिसात गेले. राजीनामा दिला. साठलेली रजा धरून उद्याचाच दिवस शेवटचा ठरला. मी खिशातच होतो, तरी माझा विश्वास बसेना. ज्या माणसाने ते ऑफिस उभं केलं तो पाच मिनिटांत त्यातून बाहेर पडला होता.

टाउनशिपमध्ये माणूस निवृत्त होतो, बदलून जातो, नाहीतर मरतो. राजीनामा कुणी देत नाही. दुपारपर्यंत बातमी घरोघरी पोचली होती. जवळच्या मंडीदीपच्या खाजगी कंपनीने गाडी-बंगला देऊ केला म्हणे. परदेशी कंपनीने फितवलं म्हणे. कमलिनीबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या.

"अहो, मला इंद्रपुरीच्या बाजारात कोथिंबीर निवडताना कळतंय? भाजीवालीने विचारलं, साब नौकरी छोड़ दिए क्या. मी तिला वेड्यात काढलं."

"तुला सांगणारच होतो."

"कधी? सामान बांधताना?" त्या खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवरच होती. "कुणाशी भांडलात?"

"कुणाशीच नाही. भांडायला उरलंच नाही कुणी. मी आहे तोवर त्यांना माझी चूक दिसणार नाही गं. दिसलं तरी म्हणतील, साहेबांनी विचार केला असेल. आणि माझं मलाही आता सगळं दिसत नाही."

बाईंनी पिशवीतली कोथिंबीर काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली. "क्वार्टर सोडायचं तर घर बघायला हवं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तेच कागद पुन्हा फरशीवर अंथरायला लावले. मुख्य डिझायनरच्या सहीशिवाय ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये जात नसे, आणि त्यांनी सही केली नव्हती.

"यात चूक आहे," ते म्हणाले. "कुठे ते मी सांगणार नाही. आता सही सुधाकरची. तुम्ही शोधल्याशिवाय त्याने ती करू नये."

"साहेब, असं करू नका," सुधाकर म्हणाला. "निदान पान तरी सांगा. शाफ्ट आहे तो."

"म्हणूनच सांगत नाही."

पंख्याच्या वाऱ्याने कागदाचा कोपरा उडत होता. साहेबांनी खिशातून मला काढलं, त्या कोपऱ्यावर ठेवलं, दाराशी जाऊन बूट घातले आणि गेले. मी वाट पाहिली. एक तर ते मला विसरले होते, नाहीतर विसरले नव्हते. दोन्हींतलं काय वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

हॉलमध्ये कुणी हलेना. रिकाम्या स्टुलाकडे सगळे पाहत होते. रझाभाईंनी चष्मा पुसला. "बैठे हुए थे तो डर लगता था. अब तो और लग रहा है." पहिली वंदना पुढे झाली. परवा थांबली होती त्याच जागी तिने पेन्सिल ठेवली. तीच गोलाई. मला हायसं वाटलं. सापडली, संपलं.

पण फेरा थांबला नाही. रझाभाई गुडघ्यांवर बसून पाहू लागले आणि त्यांनी एक पेन्सिल ठेवली. तिथे बोल्टांची भोकं कडेच्या फार जवळ होती. तिसरी खुद्द सुधाकरने ठेवली. त्याने दोनदा उचलून पुन्हा ठेवली. तुकड्यांच्या लांब्या मिळवल्या तर शाफ्टच्या पूर्ण लांबीशी जुळत नव्हत्या. ती तर बेरजेची चूक, माझ्या प्रांताबाहेरची. जेवणाच्या टेबलावर एकच चूक निघाली होती. निघाली होती ना?

तिन्ही दुरुस्त झाल्या. सुधाकरने सही केली. शाफ्ट घडला, धरणावर गेला आणि सुरळीत फिरू लागला. मी वंदनाच्या खणात राहिलो. खणातून ऐकू चांगलं येतं. दर वर्षी नवे इंजिनिअर आले की त्यांना गोष्ट सांगितली जाई: हरदास साहेबांनी जाताना मुद्दाम तीन चुका घालून सगळ्यांची परीक्षा घेतली. काय डोकं म्हणायचं! मुलं भारावून जात. वंदनाही कधीकधी ती गोष्ट सांगे. मला ओरडून सांगावंसं वाटे की तसं नव्हतं. पण माझी आठवण ही अशी. कदाचित त्यांना तिन्ही ठाऊक असतील. कदाचित मीच त्या संध्याकाळचं काही विसरलो असेन.

बऱ्याच वर्षांनी वंदना स्वतः मुख्य डिझायनर झाली आणि मला परत द्यायला भोपाळातल्याच शाहपुऱ्याला निघाली. साहेब इतकी वर्षं तिथेच, तळ्याजवळच्या एका छोट्या घरात राहत होते. मंडीदीपलाही गेले नव्हते आणि परदेशीही. आता मी त्यांच्या उशाशी असतो. माझी मधली पट्टी पावसाळ्यात फुगते आणि सरकत नाही. माझ्यावर आता हिशेब करू नका, एवढंच मागणं. केलाच, तर शेजारच्याला एकदा तपासायला द्या.

वंदना मला घेऊन आली त्या दिवशी कमलिनीबाईंनी तिच्यापुढे पोहे ठेवले. "अगं, खा. मीठ कमी असेल तर सांग, हे सांगत नाहीत हल्ली." साहेब मला हातात घेऊन काच पुढे-मागे करत होते. वंदना हसत म्हणाली, "सर, अजून सगळ्यांना सांगते मी, तुम्ही तीन चुका कशा घातल्या होत्या ते."

साहेबांचा हात थांबला.

"घातल्या? मी कशाला घालीन?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "गोलाईची माझी चुकली होती, ती मला घरी सापडली. बाकीच्या दोन कुठल्या?"

वंदनाने पोह्यांची बशी खाली ठेवली. मग पर्समधून पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्राच्या कडेला त्यांना त्या दोन चुका काढून दाखवल्या.