दोरीवरच्या चान्या

अक्षयाने नायलॉनच्या दोरीचं एक टोक बाल्कनीच्या गजाला गच्च बांधलं, दुसरं कूलरच्या लोखंडी चौकटीला, आणि परातीतली मांसाची पहिली पट्टी उचलून दोरीवर टाकली. हळद-मीठ चोळलेली ती पट्टी उन्हात क्षणभर झेंडूसारखी दिसली. खाली दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांमधून तापलेली लू वाहत होती, कडुलिंबाचा वाळका पाला रस्त्यावरून फरफटत नेत होती. असलं ऊन मायला मिळालं असतं तर ती हरखली असती.

तिसरी पट्टी टाकताना दाराचं कुलूप फिरलं. सुजय केस कापून आला होता, मानेवर पावडर तशीच. बायको कल्पना मुलाला घेऊन नाशिकला माहेरी गेलेली. घराची दुसरी किल्ली बहिणीकडे असते, हे तो विसरूनच गेला होता. आधी त्याला हॉलमधली बॅग दिसली, गुंडाळलेली गादी दिसली, पुस्तकांचा खोका दिसला. मग वास आला.

"अक्षया! हे काय चाललंय यार?"

"चान्या वाळत घालतेय."

"इथे?"

"मग कुठे? करोल बागेतली खोली गेली माझी. सकाळीच."

तिने मागे वळून पाहिलं नाही. पाठमोरीच बोलत राहिली. माय जाण्याआधी तिने वाळवून दिलेल्या चान्यांचा डबा तळाला आला होता. उरलेल्या दोन अक्षयाने आज खोलीत गॅसवर भाजल्या. घरमालकीण नाकाला ओढणी लावून जिना चढून आली.

"म्हणाली, 'तुम्हारे भैया तो बोलके गए थे, हम लोग अंडा भी नहीं छूते.' अंडंसुद्धा, दादा? खोली बघायला आलास तेव्हा तोंडाला ऑम्लेटचा वास होता तुझ्या!"

"खोली मिळाली ना त्याने? आधी किती दारं फिरलो, ते विसरलीस? आडनाव विचारायचे, आणि खोली नेमकी आत्ताच गेलेली असायची. अंडं नाकारलं तेव्हा ही एक मिळाली."

"आता तीही गेली."

"काढ ते."

"नाही."

"अक्षया, म्हशीचं आहे की कशाचं, हे विचारायला कोणी थांबत नाही. आधी हात उचलतात."

"मला शिकवू नकोस. ऑटोत मांसाची पिशवी पोटाशी धरून बसले होते मी. प्रत्येक सिग्नलला वाटत होतं, कुणीतरी विचारेल. तेवढं भिणं पुरे झालं." ती आता वळली. हळदीने पिवळे झालेले हात तिने समोर धरले होते, पुसायचं भान नव्हतं. "मी इथे राहायचं तर हे इथेच वाळेल. नाहीतर आत्ता बॅग उचलते. तुझ्याही घरात मला प्युअर व्हेज होऊन राहायचं नाही."

"परीक्षा तोंडावर आलीय तुझी! कुठे जाशील?"

"ते माझं मी बघेन."

सुजय ताडताड बाल्कनीत गेला. दोरीवरची पट्टी ओढून काढायला त्याने हात घातला, आणि हात तिथेच थांबला. अंगठा आणि तर्जनीत धरून त्याने मांस दाबून पाहिलं. मग दुसरी पट्टी. मग तिसरी.

"हे काय कापलंयस?"

"चान्या."

"बोटाएवढी जाड! वरून वाळेल आणि आत सडेल. उद्या अळ्या पडतील याच्यात."

"माय कापायची तसंच कापलंय."

"मायला कापताना पाहिलंयस तू? कधी?"

अक्षयाने पाहिलं नव्हतं. मांस घरात आलं की माय तिला पुस्तक देऊन लांब, बोळाच्या तोंडाशी बसवायची. तुझ्या हाताला हा वास नको, म्हणायची. तिथवर सुरी पोचत नसे, फक्त मायचा गळा पोचे:

वैशाखाचं ऊन, बाई दोरीला लागलं
लेकराच्या आखाडाचं, पोट उन्हात टांगलं

चाल तिला पाठ होती. एकेक हेलकावा पाठ होता.

"कॉलेजात भाषण केलंस चान्यांवर," सुजय म्हणाला. त्याचा आवाज चढत गेला. "कप घेऊन आलीस. मायने सगळ्या गल्लीला दाखवला. आणि कापताना दुसरं टोक कोण धरायचं? मी. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही, हातांना वास येतो म्हणून. राखेने घासायचो, साबणाने घासायचो, जात नसे. तुझ्या वाट्याला गाणं आलं, अक्षया. गाणं आणि खाणं."

त्याने गजावर पंजा आपटला. दोरी थरथरली.

"मग माझ्यावर काय चिडतोस?" तीही ओरडली. "त्या बाकावरून उठून गेले त्यांच्यावर चीड ना! तसल्यांना तर रोज जिन्यात वाकून नमस्ते करतोस. आणि ओरडायचं मात्र घरात. माझ्यावर."

सुजयच्या मानेवरची पावडर घामाने ओघळून कॉलरवर उतरली होती. मग त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, दोरीवरच्या तिन्ही पट्ट्या काढून परातीत टाकल्या आणि सुरी घेऊन फरशीवर मांडी घातली.

"धर," तो म्हणाला.

त्याने सुरी मांसात आडवी घातली आणि दुसऱ्या कडेला पोचता पोचता थांबवली. तुकडा उलटवला, पुन्हा तसंच. धुतलेल्या लुगड्याची घडी उलगडावी तसं मांस उलगडत गेलं, लांब, पातळ, न तुटता. अक्षयाच्या हातातलं टोक मागे मागे सरकत दारापर्यंत गेलं. दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते. राग उतरला नव्हता, फक्त हातांना काम मिळालं होतं.

"सुजयजी!" खालच्या मजल्यावरून भसीन आंटींची हाक आली. "क्या सुखा रहे हो जी? बड़ी महक आ रही है."

अक्षयाची बोटं टोकावर आवळली. या प्रश्नाची या घरातली उत्तरं तिला ठाऊक होती. बोंबील 'मम्मी की दवाई' झाले होते. सुकट 'पौधों की खाद' झाली होती. सुजय उठून गजाशी गेला, खाली वाकला. जिन्यातलं ते हसू त्याच्या चेहऱ्यावर आलं. थोडा वेळ राहिलं. मग गेलं.

"मीट है, आंटी. भैंस का."

आवाज चिरकला. त्याने घसा खाकरला आणि पुन्हा, नीट म्हणाला, "मीट है. हम लोग सुखाते हैं. माँ सुखाती थी."

"अच्छा," आंटी म्हणाल्या.

मग खालच्या दोरीवरचे चिमटे निघू लागले. एक, मग एक. ओल्या चादरी ओढल्याचा आवाज आला. बाल्कनीचं दार लागलं, आणि आतून कडी.

"दादा," अक्षया म्हणाली.

"ढिलं सोडू नकोस. फरशीला लागेल."

सगळं कापून झालं. दोघांनी मिळून दोरी भरली. पट्ट्या आता इतक्या पातळ होत्या की ऊन त्यांच्या आरपार येऊन फरशीवर तांबूस पडत होतं. सुजयने हात धुतले आणि तो आत गेला. आता चादर आणेल आणि वरून झाकेल, असं अक्षयाला वाटलं. भांडायला ती तयारच उभी होती.

तो जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन आला. दुसऱ्या हातात मुलाची क्रिकेटची बॅट होती. खुर्ची त्याने दोरीखाली मांडली, बॅट गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि बसला.

"बॅट कशाला?"

"घारी येतात इकडे."

आभाळ पांढरंफटक होतं, एकही घार नव्हती. सुजय खाली, फाटकाकडे बघत होता.