कोबीवरची गोणी

आमच्या आपुसेनीच्या डोंगरात साविनाबाईच्या आंबवलेल्या कोबीचा मान पाद्रीबाबाच्या प्रवचनाहून मोठा. प्रवचनाला निदान डुलक्या तरी काढता येतात. हिवाळ्याच्या तोंडावर तिनं पिंप उघडलं आणि सासू-सुनेची जुंपली. मी शेजारी, फावडं मागायला गेलो होतो. ते राहूनच गेलं.

पोटुशी सून फ्लोरिका पिंपातल्या गोणीकडं बोट दाखवत होती. "आत्याबाई, कोबी दाबायला ही गोणी कुठनं आणली?"

"झऱ्यावरच्या टाकीमागं पडली हुती. जड हाय, सवच्छ हाय. काय बिघडलं?"

"अवो, टाकीत पाणी गाळायला घातलेले, खाणीचं शिसं पाण्यातनं धरून ठेवणारे खडे हायत त्ये! वरीसभर शिसं धरलं, खडे भरले, म्हणून बदलले."

"दगडाला काय प्वाट असतंय भरायला?"

"मग पाणी साफ झालं तवा शिसं गेलं कुठं? आभाळात?"

साविनाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी आढ्याकडं पाहिलं.

"साध्या पाण्यात खडे त्ये सोडत न्हाईत," फ्लोरिका म्हणाली, "पर मीठ आन् आंबट लागलं की सोडत्यात. समदं ह्या खाऱ्या पाण्यात उतरलं असंल. माझ्या पोटातल्याला हे द्यायचं?"

"तू नगं खाऊस. डुकराला घालू."

"आन् नाताळात डुक्कर कोण खानार?"

"मग वतते वढ्यात."

"वढ्याचं पाणी खालचं गाव पितंय."

अख्ख्या गावाला नावं ठेवणाऱ्या बाईला स्वतःला नावं ठेवायचा सराव नव्हता. तिनं लगेच दुसरं माणूस शोधलं. "त्यो मेयर! टाकीची फीत कापायला सगळ्यांच्या म्होरं, आन् भरलेल्या गोण्या उचलायला कुणी न्हाई व्हय?"

यात मात्र ती चुकली नव्हती. आम्ही पिंप घोडागाडीत चढवलं आणि कचेरीच्या दारात नेऊन उतरवलं. वासासरशी मेयर बाहेर आला.

"वा, साविनाबाई! माझ्यासाठी?"

"तुमचीच गोणी हाय आत. टाकीमागची."

"हात्तिच्या! त्या खड्यांनी काही होत नाही. वसंतात गाडी बोलावू."

"लई ब्येस." साविनाबाईनं पळी कोबीच्या पाण्यात बुडवून काठोकाठ भरली आणि त्याच्या तोंडाशी नेली. "मग घ्या की वाईच. थंडीचं घशाला बरं असतंय."

मेयर दोन पायऱ्या मागं सरला, "आत्ताच जेवलोय" म्हणाला आणि आत पळाला. खिडकीतून त्याचा फोनवरचा आवाज आला, "वसंतात नाही! आज! आजच्या आज पाठवा!"

दिवस मावळायच्या आत गाडी पिंपासकट साऱ्या गोण्या घेऊन गेली.

परतताना साविनाबाई सुनेला म्हणाली, "ह्यात माझी काय चूक न्हाई हां."

"तुमची कशी असंल?" फ्लोरिकानं माझ्याकडं पाहिलं. "शेजाऱ्याची असंल."

तेव्हापासून दोघी माझ्या पिंपातला कोबी नेतात. म्हातारी एका बैठकीत दोन ताटल्या संपवते आणि मीठ कमी पडलंय म्हणते.