पित्ताशय एकदाच काढतात

बायकोच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही सगळ्यांना पित्ताशयातले खडे सांगितले होते. वजनासाठी जठर कापून लहान केलंय, हे बाहेर कळता कामा नये, असं माझ्या थोरल्या बहिणीने ठरवलं होतं. बायको तेव्हा गप्प बसली.

काही वर्षांत निम्मं वजन परत आलं. ते एक वेळ चाललं असतं. पण बायको चपलांच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकापुढे वाकून बूट चढवायचे, आणि वाकलं की जळजळीत आंबट पाणी थेट घशात. डॉक्टर म्हणाले, जठर लहान केल्यावर काहींना हा त्रास होतो. आता आतडं वेगळ्या तऱ्हेने जोडावं लागेल, त्याने वजनही उतरेल.

बहीण लगेच हजर झाली. तेव्हाच जिभेला आवर घातला असता तर ही पाळी आली नसती, हे तिने चहा निवायच्या आत दोनदा ऐकवलं. मग यावेळी लोकांना काय सांगायचं याचा खल सुरू झाला. पित्ताशय काही पुन्हा काढता येईना. हर्निया म्हणावं, तर तो तिच्या नवऱ्याचा सगळ्यांना पाठ. मी दबकत अपेंडिक्स सुचवलं. मला यातलं फारसं कळत नाही.

"वन्सं," बायको म्हणाली, "माझ्या पोटातलं एकेक तुम्ही दोघांनी काढून संपवलंत. आता आहे तेच सांगू."

"लोक हसतील."

"हसू देत. पोट माझं आहे."

दुसऱ्या दिवशी ती रजा मागणार होती. धीर द्यायला म्हणून मी दुकानात गेलो आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून खोक्यांवरचे नंबर वाचत राहिलो. बायको एका धिप्पाड माणसाच्या पायात बूट चढवत होती. तिचा रजेचा अर्ज वाचून मालक जवळ येऊन कुजबुजले, इतरांना बायकांचं काहीतरी दुखणं म्हणून सांगतो.

तिने घशाशी आलेलं गिळलं. मग शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "वजनाचं ऑपरेशन म्हणून सांगा. दुसऱ्यांदा."

मी खोकी वाचायचा थांबलो.

खुर्चीतल्या माणसाने हळूच विचारलं, "दुसऱ्यांदा? भीती नाही वाटत?"

"वाटते ना," बायको म्हणाली. "टाच खाली दाबा."