पूजेआधीचा घोट

"पूजा झाल्याबिगर घोटभर पाणीसुदिक तोंडात घालू नगंस. गळ्यातलं लिंग गप असतंय, पर बघत असतंय."

माझ्या अव्वानं, म्हणजे आईनं, एवढंच सांगून मला सोलापूरला सासरी पाठवलं. त्याला बावीस वर्षं झाली. तापात, बाळंतपणात, एकदाही मी ते मोडलं नव्हतं.

राजनंदिनी माझी एकुलती एक, नऊ वर्षांची. गेल्या वर्षी तिची दीक्षा झाली, गळ्यात लिंग आलं. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या शेजारी पाट मांडायची आणि तळहातावर लिंग घेऊन माझ्यापेक्षा जास्त वेळ बसायची. शेजारच्या सुंदरम्मा म्हणायच्या, "विजयमाला, पोरगी संन्यासीण व्हायची बघ तुझी! आमचं म्हातारं चहाच्या कपाला हात जोडल्याबिगर डोळं उघडत न्हाय." मी नुसती हसायची. आतून मात्र फुलायची.

दिवाळीनंतर एकदा रडता रडता तिच्या उजव्या हातातली भाकरी गळून पडली. दहा मिनिटांत हात पहिल्यासारखा झाला. मी कपाळाला विभूती लावली. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा डोक्याचा एमआरआय काढला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या बारीक होत होत बंद पडत चालल्यात. पुण्याला ऑपरेशन करावं लागेल, दोन्ही बाजूंचं. "तोवर हमसून रडू देऊ नका, जोरात श्वास घेतला की त्या आणखी आवळतात. गरम काही फुंकायला लावू नका. आणि पाणी कमी पडलं तर झटका येईल. उठल्याबरोबर मोठा पेला, दिवसभर थोडं थोडं. यात हयगय नको."

मी रोज पेला भरून तिच्या हातात द्यायची आणि पूजेला बसायची. वैशाखात एका सकाळी सहज मागं वळले, तर ती पेला मोगऱ्याच्या कुंडीत ओतत होती. हळूच, माझी नजर चुकवून. तेव्हाच उठायला हवं होतं. पण मनात आलं, केवढी निष्ठा लेकराची! आणि मी डोळे मिटून घेतले.

पाचव्या दिवशी ती पाटावरच कलंडली. उजवं अंग गेलं, शब्द गेले.

पुण्याला डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. उजवी बाजू पुढच्या महिन्यात. तोवर दुसरा झटका येता कामा नये, एवढंच सांगून घरी पाठवलं.

घरी पहिल्या सकाळी मी पेला तिच्या तोंडाशी नेला, तर तिनं ओठ घट्ट मिटले.

"घे की राजू," हे म्हणाले. "एवढं घेतलंस तर संध्याकाळी सात रस्ता चौकात आइस्क्रीम. बाबाचं पण तूच खा."

मान हलली. नाही. ऊन चढत होतं. तिचे डोळे भरून आले आणि मला धडकी भरली. रडणंही तिला परवडणारं नव्हतं.

"पू... जा," ती म्हणाली. मग वर बोट करून, "रा... ग."

मी तिच्यासमोर खाली बसले. "देव तुझ्यावर रागावला नाही, बाळा. तू पाणी कुंडीत ओतायचीस ते मी पाहिलं होतं. पाहून गप्प बसले. चूक माझी."

हे मागं उभे होते. तसेच वळून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले.

मी पेला उचलला आणि पूजेआधी अर्धा प्यायले. पाणी घशाला लागलं. ती टक लावून बघत होती, आईला काही होतंय का म्हणून. काही झालं नाही. मग तिनं तोंड उघडलं. चार घोट गेले, दोन हनुवटीवरून ओघळले.

"तू... सांग," ती म्हणाली. "तळ्यातला."

तळ्यातला म्हणजे गावातल्या तळ्यातल्या देवळाचा सिद्धेश्वर. "सांगते. पाणी मीच पाजलं म्हणते."

"आज?"

"आजच. वचन."

ती झोपली. मी पदर सारखा केला, पायरीपाशी आले. "अकराला तिला उठवून परत पाणी द्या," म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता.

मी चपला घातल्या आणि देवळाच्या वाटेला लागले.